टॅग हाताने लिहावेत का?

वेबपेजं बनवण्यात बरीच वर्षं गेली. टॅग हाताने लिहिले, साधनांकडून लिहून घेतले, हल्ली एआयकडूनही घेते. त्यातून पक्की झालेली ही काही मतं.

१. प्रश्न जुनाच आहे. टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली लिहिलेला पहिला ब्राउझर पानं संपादितही करायचा. माणसांनी टॅग टंकत बसावं, ही त्यांची अपेक्षाच नव्हती. पुढे १९९७ मध्ये ड्रीमवीव्हर आलं, २००३ मध्ये वर्डप्रेस. हाताने लिहिणारे तरी उरलेच.

२. दुकान, मंगल कार्यालय, क्लास यांच्यासाठी बेलाशक तयार साधन वापरावं. दर, वेळा, फोटो मालकाला स्वतः बदलता आले पाहिजेत. तिथे हस्तकौशल्याचा हट्ट त्याच्या खिशाला जड पडतो.

३. मराठी पानाचा कोड मात्र उघडून बघावाच. तयार साच्यात पानाची भाषा बहुधा इंग्रजीच नोंदलेली असते. काही देवनागरी फाँटमध्ये 'ल' आणि 'श' यांची हिंदी आणि मराठी अशी दोन्ही वळणं असतात. भाषेच्या जागी 'एमआर' लिहिलं, तर मराठी वळण मिळतं. शीर्षक ऐसपैस दिसावं म्हणून साचा अक्षरांत अंतर टाकतो आणि आपली शिरोरेषा तुटते. ओळींची उंची इंग्रजीच्या मापाने ठेवली, की वरचे रफार वरच्या ओळीचे, खालचे उकार खालच्या ओळीचे वाटू लागतात. दुरुस्ती दोन-तीन ओळींची असते, पण कुठे करायची ते ठाऊक हवं.

४. दिसतं तसं नसतं. मथळा मोठा, ठळक दिसतो. कोडमध्ये तो साधा 'डिव्ह' असतो. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक मथळ्यांवरून पुढे सरकतो. त्याला त्या पानावर एकही मथळा सापडत नाही. तसंच बटणाचं: माउसने चालतं, कीबोर्डने हलत नाही. एआयने दिलेल्या कोडमध्ये मी आधी हेच तपासते.

५. शिकणाऱ्याने एक पान तरी नोटपॅडमध्ये पहिल्या टॅगपासून लिहावं. मग खुशाल साधनं वापरावीत. लिहिण्याचं काम त्यांना देता येतं. पण पान बिघडलं, की गिऱ्हाइकाचा फोन आपल्यालाच येतो.