जुन्या व्हॅनचे पाटे : गंज आणि मोड टाळण्याचे उपाय



ऊस नोंदणीसाठी बाभुळगाव तालुक्यात फिरताना आम्हाला गावोगावी जुन्या ओम्नी व्हॅन दिसतात. मारुतीची ही गाडी १९८४ साली आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन बंद झाले. नवी मिळणार नाही, तेव्हा आहे तीच सांभाळणे आले. सकाळी मुलांना शाळेत नेणारी हीच गाडी दुपारी खताची पोती आणते. कालव्याच्या रस्त्यावर पाटा मोडला तर नुकसान फक्त गाडीचे होत नाही.

गंज का चढतो?

लोखंडाला ओलावा आणि हवा मिळाली की गंज धरतो. त्यात क्षार मिसळला की फार लवकर धरतो. म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड, मिठाच्याच जातीचा क्षार. युरिया हवेतला ओलावा ओढून घेतो. फाटक्या पोत्यातून सांडलेले खत फटींतून खाली उतरते. पांदणीतली काळी माती पाट्यांत अडकून बसते आणि वरून कोरडी दिसली तरी आतून ओलीच राहते.

पाटा का मोडतो?

गंजाने पोलादावर बारीक खड्डे पडतात. प्रत्येक आदळ्याचा ताण त्या खड्ड्याशी एकवटतो, तिथे केसासारखी चीर पडते, ती वाढत जाते आणि एक दिवस पाटा तुटतो. दुसरे कारण ढिले यू-बोल्ट. ते ढिले असले की पाटा मधल्या भोकापाशी वाकतो आणि तिथेच मोडतो. मधला बोल्ट तुटला तर आस सरकतो व गाडी मागून तिरकी चालताना दिसते.

तिसरे कारण जादा वजन. ४५ किलोची १२ पोती म्हणजे ५४० किलो, आणि हा सगळा भार मागच्या पाट्यांवर! आठ माणसे बसली तर भार पुढे-मागे वाटला जातो, पोत्यांचा तसा वाटला जात नाही. आर.सी. बुकात लिहिलेले वजन बघा आणि दोन खेपा करा.

काय करावे?

१. खत आणल्यावर त्याच दिवशी गाडी आतून झाडा व खालून पाण्याने धुवा. मग उन्हात वाळू द्या.

२. गोठ्याशेजारी, मुताच्या ओलीत गाडी उभी करू नका.

३. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा, रेड ऑक्साईड लावा, वर काळा रंग द्या. पाट्यांच्या मध्ये ग्राफाईट ग्रीस भरा.

४. जळके ऑईल सगळीकडे फासू नका. रबरी बुश तेलाने फुगतात व खराब होतात.

५. मोडलेला पाटा वेल्डिंग करू नका. उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते आणि तो शेजारी पुन्हा मोडतो. नवा घाला, दोन्ही बाजू सारख्या ठेवा. यू-बोल्टही नवे घ्या आणि आठवड्याने पुन्हा कसून घ्या.

६. पुढे पाटे नाहीत. तिथे शॉकअप, खालचा आर्म आणि बॉल जॉईंट बघा. चाक उचलून वर-खाली हलवले असता खडखडले, तर गाडी मिस्त्रीकडे न्या. बॉल जॉईंट सुटला की चाकच आडवे होते.

नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. मजबूत लाकडी ठोकळे लावा, चाकांना अडण द्या.

वर्षातून दोनदा ही तपासणी करा : एकदा मृगापूर्वी आणि एकदा दसऱ्याच्या आधी. दसऱ्याला आपण गाडी धुऊन हार घालतो. त्याच्या आदल्या दिवशी बॅटरी घेऊन गाडीखालीही एक नजर टाका. पाट्यावर आडवी लाल रेघ दिसली तर ती चीर समजा आणि पाटा बदलेपर्यंत त्या गाडीत पोरे बसवू नका.