ऑडॅसिटीचं भिजत घोंगडं

प्रश्न : मी शिक्षक आहे. किन्हवली-सरळगाव भागातल्या आज्यांचे लग्नात गायचे धवळे मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि जुन्या लॅपटॉपवर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये साफ करतो. नॉइज रिडक्शन लावून फाइल बंद केली की मागे फिरता येत नाही. ‘पुढच्या आवृत्तीत होईल’ हे किती वर्षं ऐकायचं? या सुधारणा एवढ्या रखडतात का? तोवर काम थांबवू का?
— एक वाचक, ता. मुरबाड

उत्तर : काम अजिबात थांबवू नका. वैताग मात्र रास्त आहे.

पहिली अडचण माणसांची. डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 मध्ये ऑडॅसिटीचं काम सुरू केलं आणि 2000 मध्ये ते सर्वांना खुलं झालं. पुढे बरीच वर्षं हा गाडा मुख्यतः स्वयंसेवकांनी ओढला. 1.3 ही चाचणी मालिका 2005 मध्ये सुरू झाली, पण 2.0 हाती पडायला 2012 उजाडलं. 2021 मध्ये म्यूझ ग्रुपने ऑडॅसिटी घेतली, पगारी माणसं लागली, तेव्हा कुठे वेग आला.

दुसरी अडचण कायद्याची. एमपी3 तंत्रावर पेटंट होती, म्हणून एमपी3 फाइल काढायला ‘लेम’ नावाचं जोडसॉफ्टवेअर वेगळं टाकावं लागे. पेटंटचा फेरा 2017 मध्ये सुटला आणि 2019 पासून लेम ऑडॅसिटीतच मिळू लागलं. तोवर कितीही तक्रारी करून उपयोग नव्हता.

तिसरी अडचण पायाची, आणि तुमचं दुखणं इथलंच. ऑडॅसिटीची मूळ रीत अशी, की इफेक्ट लावला की बदललेला आवाजच प्रोजेक्टमध्ये लिहिला जायचा. अनडू चाले, पण प्रोजेक्ट उघडा असेपर्यंतच. मूळ आवाजाला हात न लावता इफेक्ट द्यायचा, तर दर वेळी वाजवताना सगळं गणित नव्याने करावं लागतं. सेकंदाला 44,100 नमुने धरले, तर 512 नमुने वाजायला जेमतेम 12 मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात पुढचे तयार नसतील तर आवाज तुटतो. जुन्या रचनेत हे बसवणं म्हणजे राहत्या घराचा पाया बदलणं. ते 3.2 मध्ये, 2022 साली जमलं. चौथ्या आवृत्तीसाठी तर पडद्यावरचा दर्शनी भागच नव्याने लिहायला घेतला गेला.

एवढं होऊनही तिसऱ्या मालिकेत नॉइज रिडक्शन जुन्याच रीतीने चालतं. त्याला आधी नुसत्या गोंगाटाचा तुकडा दाखवावा लागतो. त्यावरून ते नको असलेला आवाज ओळखतं. म्हणूनच पंख्याची एकसुरी घरघर निघते. पत्र्यावरचा पाऊस मात्र सारखा कमी-जास्त होतो, तो धड निघत नाही आणि जास्त जोर लावला तर आजींचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. याला नवी आवृत्तीही फारशी पुरी पडणार नाही. पंखा बंद करा, मोबाइल गाणाऱ्या बाईच्या जवळ ठेवा आणि गाण्याआधी दहा सेकंद सगळ्यांना गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड करा.

मागे फिरायची सोयही आज करता येते. ट्रॅक निवडून कंट्रोल-डी दाबा, मूळ ट्रॅक म्यूट करा आणि इफेक्ट प्रतीवरच लावा. मूळ डब्ल्यूएव्ही फाइल लॅपटॉपशिवाय आणखी एका डिस्कवर ठेवा. 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट, मोनो अशी तासाभराची फाइल साधारण 500 एमबी होते. जुने एयूपी प्रोजेक्ट असतील तर पेनड्राइव्हवर नेताना शेजारचं डेटा फोल्डरही न्या. आवाज त्यातच असतो. 3.0 पासून सगळं एकाच एयूपी3 फाइलीत येतं.

आणि चाचणी आवृत्ती या कामाला लावू नका. ती वेगळ्या फाइलीवर खेळून बघा. मूळ रेकॉर्डिंग शाबूत असेल, तर सुधारणा येईल तेव्हा ते पुन्हा साफ करता येईल. न रेकॉर्ड केलेल्या धवळ्यावर कुठलीच आवृत्ती चालत नाही.