लोकसंग्रह आणि संवाद

श्रीमद्भगवद्गीतेच्या प्रत्येक अध्यायाची पुष्पिका पाहावी. उपनिषद, ब्रह्मविद्या, योगशास्त्र ही नावे दिल्यावर तेथे शेवटी ‘संवाद’ हा शब्द येतो. भिन्न श्रद्धांच्या लोकांना एकत्र नेण्याचे दायित्व ज्या गृहस्थावर येते, त्याने ह्या शब्दाचे मनन अवश्य करावे.

गीतेत प्रश्न दोन प्रकारचे आहेत. पहिला धृतराष्ट्राचा. ‘माझे’ आणि ‘पांडूचे’ असा भेद आधीच करून तो दूर बसून तिसऱ्यास वृत्त विचारतो. संजय सत्य तेच सांगतो. तथापि एवढे ज्ञान कानी पडूनही राजाच्या मनात पालट झालेला दिसत नाही. दुसरा प्रश्न अर्जुनाचा. तो समोरासमोर विचारतो, शंका लपवीत नाही, आणि म्हणूनच त्याचा मोह नष्ट होतो. एक परस्परांविषयी बोलणे. दुसरे परस्परांशी बोलणे. संवाद तो हाच.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा नव्हे. जबलपूरचे कमानिया गेट 1939 च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाचे स्मारक आहे. देशाच्या सर्व प्रांतांतून लोक त्या अधिवेशनास आले होते. त्याच नगरात फेब्रुवारी 1961 मध्ये हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा झाला. अफवा आणि वृत्तपत्रांतील भडक मजकूर ह्यांनी तो पेटविला. पिढ्यानपिढ्या एका बाजारात देवघेव करणारी माणसे एकमेकांस विचारीनाशी झाली व एकमेकांविषयी ऐकू लागली. त्याच वर्षी पंडित नेहरूंनी दिल्लीस राष्ट्रीय एकात्मता परिषद बोलाविली. परंतु दिल्लीतील परिषद गल्लीतील संवादाची जागा घेऊ शकत नाही. तेथे गृहस्थानेच पुढे झाले पाहिजे.

त्याने वागावे कसे? गीतेतून चार नियम निघतात.

पहिला, परिप्रश्न. चौथ्या अध्यायात ज्ञानप्राप्तीचा मार्ग नम्रता, प्रश्न आणि सेवा असा सांगितला आहे. शेजाऱ्याविषयी वार्ता आली, तर प्रथम शेजाऱ्यासच विचारावे.

दुसरा, वाणीचे तप. सतराव्या अध्यायानुसार वाणी उद्वेग न करणारी, सत्य, प्रिय व हितकर असावी. सत्य असूनही उद्वेगासाठीच बोललेले वचन ह्या कसोटीस उतरत नाही. अपराध घडला असेल, तर तो झाकू नये. न्याय न्यायालयाने करावा. मात्र एकाच्या अपराधाचा दंड त्याच्या समाजास देणे हा अधर्म होय.

तिसरा, श्रद्धेचे रक्षण. भक्त ज्या रूपाची उपासना करू इच्छितो, त्याच ठिकाणी त्याची श्रद्धा भगवान दृढ करतात, असे सातवा अध्याय सांगतो. जेथे भगवंतच श्रद्धा ढळवीत नाहीत, तेथे आपण ढळविणारे कोण?

चौथा, स्वातंत्र्य. सर्व सांगून झाल्यावर भगवान अर्जुनास म्हणतात की, ह्याचा पूर्ण विचार करून तुझ्या इच्छेस येईल तसे कर. निर्णय लादणाऱ्याने संवाद केला असे म्हणता येत नाही.

येथे कोणी शंका घेईल की, अशाने स्वधर्मनिष्ठा शिथिल होईल. विनोबांचे चरित्र ह्याचे उत्तर आहे. 1932 साली धुळ्याच्या कारागृहात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली. त्याच विनोबांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी भाषेचा अभ्यास केला आणि पुढे 1962 मध्ये त्यांचे ‘कुराण-सार’ प्रसिद्ध झाले. गीतेवरील त्यांची निष्ठा त्यामुळे उणी झाली नाही. ज्याचे मूळ खोल गेले आहे, त्यास दुसऱ्याचे ऐकण्याचे भय नसते.

लोकसंग्रह म्हणजे सर्वांस एका साच्यात घालणे नव्हे. प्रत्येकास त्याच्या श्रद्धेवर स्थिर ठेवून सर्वांचे हित साधणे होय. संकटाच्या दिवशी तोंडओळख नसलेल्या माणसांत संवाद सुरू होत नाही. ह्यासाठी शांततेच्या काळीच एकमेकांच्या उंबरठ्यावर जाण्याचा परिपाठ ठेवावा. सण, आजारपण, विवाह, मृत्यू हे त्याचे सहज प्रसंग आहेत. असा परिपाठ असणाऱ्या घरात अफवा आली, तरी तिला खरेखोटे विचारण्यास एक दार उघडे असते.