रिपोर्ट नॉर्मल, मग ताप का?

“डॉक्टर, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल आलं. मग ताप जात का नाही?” काही वर्षांपूर्वी एका तिशीतल्या बाईंनी मला हा प्रश्न विचारला. तीन महिने बारीक ताप, वजन उतरलेले, जिभेवर पांढरे चट्टे. पांढऱ्या पेशी मात्र साडेसहा हजार. मोठ्या माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात त्या चार ते अकरा हजार असतात, म्हणजे आकडा चोख! मी शक्तीच्या गोळ्या देऊन त्यांना घरी पाठवले. चूक माझी होती. ते चट्टे पाहूनच पुढची तपासणी सांगायला हवी होती.

वाचकहो, पांढऱ्या पेशी ही एक जात नव्हे. त्यांतल्या लिम्फोसाइट पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ सारख्याच दिसतात. गोल, मध्ये गडद केंद्र. पण काही प्रतिपिंडे तयार करतात, काही रोगट पेशींना मारतात, आणि सीडी-४ नावाच्या पेशी या दोघींना कामाला लावणाऱ्या मुकादम असतात. एचआयव्ही विषाणू नेमका मुकादमांवर घाला घालतो. मुकादम घटले तरी हजेरीपट भरलेलाच दिसू शकतो. मी फसलो तो इथे.

मुकादम ओळखायचे तर पेशी एकेक करून पाहावी लागते. ते काम फ्लो सायटोमीटर हे यंत्र करते. प्रत्येक जातीच्या पेशीच्या अंगावर ठराविक खुणा असतात. त्या खुणेलाच चिकटणारी, चमकणारा रंग लावलेली प्रतिपिंडे रक्तात मिसळतात. मग दर्शनबारीत भाविक एकामागे एक सरकतात तशा पेशी बारीक धारेतून लेझर किरणासमोरून जातात. जिचा रंग चमकला तिची नोंद होते. सेकंदाला हजारो पेशी, पण पाहणे एकेकीचे! अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी अशा यंत्राचा पाया घातला. एकाच खुणेला चिकटणारी शुद्ध प्रतिपिंडे बनवण्याची रीत १९७५ साली कोहलर आणि मिलस्टीन यांनी शोधली. त्याबद्दल त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले.

१९८१ मध्ये लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना विचित्र न्यूमोनिया झाल्याचे जाहीर झाले. अशा रुग्णांच्या रक्तात मुकादम पेशी जवळजवळ उरल्याच नव्हत्या, हे त्याच वर्षी पेशींच्या जाती मोजून कळले. विषाणू सापडला तो १९८३ मध्ये. म्हणजे चोर हाती लागण्याआधी घरातून काय गेले ते समजले होते.

आमच्या बाई पंधरा दिवसांनी पुन्हा आल्या. या वेळी एचआयव्हीची तपासणी केली. ती पॉझिटिव्ह आली. सीडी-४ दोनशेच्याही खाली. गोळ्या सुरू झाल्या. पुढे विषाणूच्या तपासणीत “आढळला नाही” असे आले, तेव्हा त्या म्हणाल्या, “डॉक्टर, आता बंद करू का?”

नाही. विषाणू काही झोपलेल्या सीडी-४ पेशींमध्ये लपून राहतो. साधारण दहा लाखांत एखादीच अशी पेशी, पण गोळ्या थांबल्या की तिथूनच तो पुन्हा पसरतो. रक्ताच्या नेहमीच्या तपासणीत ती सापडत नाही. आता शास्त्रज्ञ एकेक पेशी वेगळी काढून तिच्यात कोणती जनुके चालू आहेत हे वाचतात. या रीतीचा पहिला निबंध २००९ सालचा. लपलेल्या पेशीची ओळख पटवण्यासाठी आज तीच वापरली जाते. खात्रीची खूण मात्र अजून हाती आलेली नाही.

आपल्याकडे २०१७ पासून सीडी-४ कितीही असो, निदान होताच औषध सुरू करण्याचे धोरण आहे. तपासणी आणि गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात, नाव गुप्त राहते. बाईंना मी एवढेच सांगितले, “ताई, रिपोर्ट चांगला आहे तो गोळ्यांमुळे.” त्यांच्या गोळ्या चालू आहेत.