माळवदातील उष्णता आणि संगणकाचे गणित

भीमा आणि अमरजा या नद्यांच्या संगमाजवळ वसलेले गाणगापूर दत्तभक्तांचे क्षेत्र म्हणून सर्वपरिचित आहे. कलबुर्गी जिल्ह्याच्या या भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. येथील जुन्या घरांवर तुळया-फळ्यांवर मातीचा जाड थर दिलेले माळवद आढळते. नव्या बांधकामात शहाबादी फरशी, काँक्रीट अथवा पत्रा येतो. माळवद उतरवून पत्रा घालावा काय, यात्रेकरूंच्या निवासास कोणते छत योग्य, असे प्रश्न संगणकाच्या आज्ञावलीने सोडविता येतात. मात्र उत्तर चुकले, तर त्याची झळ घरात राहणाऱ्यास बसते.

छतावर पडलेली उष्णता आत पोहोचण्यास लागणारा वेळ थराची जाडी आणि पदार्थाची वहनक्षमता, घनता व विशिष्ट उष्मा यांवर अवलंबून असतो. यासंबंधीचे समीकरण फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांनी १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात विस्ताराने मांडले. कोरड्या मातीची उष्णता-विसरणता दर सेकंदास अर्धा चौरस मिलिमीटर धरल्यास, ३० सेंटिमीटर थरातून दिवसाची लहर आत येण्यास आठ ते दहा तास लागतात आणि तिचा चढउतार सुमारे दशांशावर येतो. म्हणजे दुपारी दोनची उष्णता रात्री दहा-बाराच्या सुमारास खोलीत उतरते. त्या वेळी घरातील मंडळी माळवदावर निजावयास गेलेली असतात, हे ओघाने आलेच! चार सेंटिमीटर फरशीत हाच विलंब मिनिटांत मोजावा लागतो.

हा साधा अंदाज हाताशी असला की आज्ञावलीचे उत्तर पारखता येते. जाड माळवदाखाली दुपारी तीनलाच कमाल तापमान दिसू लागले, तर प्रथम एकके पाहावीत. मातीचा विशिष्ट उष्मा सुमारे ८८० ज्यूल असता किलोज्यूलमधील ०.८८ हा आकडा भरला गेला, तर माती हजारपट हलकी ठरून क्षणात तापते.

आरंभीचे तापमानही फसविते. जाड थर पहिल्या दिवसाची स्मृती लवकर सोडीत नाही. म्हणून गणित लागोपाठ चार-पाच दिवसांचे करावे आणि दोन दिवसांचे आलेख एकमेकांशी जुळेपर्यंतचे आकडे टाकून द्यावेत.

खरी मेख काळाच्या व थराच्या विभागणीत आहे. मागील क्षणावरून पुढचा क्षण थेट काढणाऱ्या पद्धतीत एक सेंटिमीटरचे थर कल्पिले, तर काळाचा टप्पा १०० सेकंदांहून मोठा चालत नाही. थर निम्मे केल्यास तो २५ सेकंदांवर येतो. मर्यादा ओलांडली की आकडे वेडेवाकडे झोके घेतात. दुसऱ्या, अप्रत्यक्ष पद्धतीत असे झोके येत नाहीत, परंतु तासाचा टप्पा घेतला तर सकाळची झपाट्याची चढ बोथट होते.

याउलट दोषही संभवतो. दहा सेंटिमीटरचे जाड थर आणि एक मिनिटाचा टप्पा घेतला असता, वर ऊन तापत असताना आतला थर आरंभीच्या ३० अंशांखाली उतरलेला दिसू शकतो. निसर्गात असे घडणे शक्य नाही. अशा वेळी अननुभवी अभ्यासक टप्पा आणखी लहान करतो, आणि दोष वाढतो. येथे टप्पा नव्हे, थर बारीक करावयास हवेत, विशेषतः पृष्ठभागाजवळ. काही आज्ञावलींत उष्णताधारण बिंदूंवर एकवटण्याची सोय असते. तिचाही उपयोग होतो.

प्रारणाच्या गणितात तापमान निरपेक्ष मापाने, म्हणजे सेल्सियसमध्ये २७३ मिळवून घ्यावे लागते. रात्री छत निरभ्र आकाशाकडे उष्णता टाकते. ती वगळल्यास पहाटेचे आकडे चढे येतात. पावसाने भिजलेल्या मातीस कोरड्या मातीचे आकडे लागू पडत नाहीत.

शेवटी तापमापकाची साक्ष घ्यावी. छताच्या खालच्या बाजूस दोन दिवस दर तासाला नोंद करून प्रथम कमाल तापमानाची वेळ जुळते का ते पाहावे, नंतर उंची. वेळ चुकत असेल, तर जाडी, घनता व विशिष्ट उष्मा तपासावा. वेळ जुळून केवळ उंची चुकत असेल, तर मातीच्या आकड्यांपूर्वी पृष्ठभाग किती ऊन शोषतो, त्यावर चुन्याची सफेदी आहे काय, आणि वारा किती धरला आहे, हे तपासावे.