झोपता येईल अशी गाडी घेताय? आधी टेप घ्या, मग टोकन द्या



खरेदीसाठी एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्या दुकानदारांसाठी आजचा धडा आहे. गाडीतच झोपायचं ठरवलं तर गाडी कोणती घ्यायची? व्हिडिओत हिशोब भरभर झाला, म्हणून इथे सावकाश मांडतोय.

आधी माझी चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीची खरेदी करून सुरतहून रात्री एकटाच निघालो. दिवसभर मार्केटमध्ये पायपीट झाली होती. लॉजचे हजार रुपये वाचवायचे म्हणून थांबलो नाही. पहाटे तीनच्या सुमारास, चारोटीच्या अलीकडे, डोळा लागला. डावं चाक कडेच्या मातीत उतरलं आणि त्या धक्क्याने जाग आली. पुढे शंभर पावलांवर एक ट्रक उभा होता. हजार रुपयांसाठी मी काय पणाला लावलं होतं, ते गाडी थांबवल्यावर कळलं. हात थरथरत होते.

घरी आलो आणि दुसरी चूक करणार होतो. "आता मोठी एसयूव्हीच घेतो, आरामात झोपेन," म्हणून शोरूम गाठलं. टोकन देण्याआधी रात्री वही काढली, ते बरं झालं.

पायरी 1: रात्री मोजा

माझ्या महिन्याला चार रात्री बाहेर जातात. त्यातल्या दोन तरी लॉजवरच काढाव्या लागतात. अंघोळ लागते, व्यापाऱ्यासमोर नीट जावं लागतं. म्हणजे गाडीत झोपायच्या रात्री दोन. एका रात्रीचे हजार धरले तर वर्षाची बचत 24,000 रुपये. एसयूव्हीसाठी माझ्या गरजेपेक्षा 4 लाख जास्त जाणार होते. भागाकार करा: सोळा वर्षं आठ महिने! तेही व्याज सोडून. धंद्यात इतक्या उशिरा वसूल होणारी वस्तू तुम्ही कधी भराल का?

म्हणून नियम लिहून ठेवा: गाडी कामासाठी घ्यायची, झोप हा तिचा जोडगुण. कामाला चालतील अशा दोन-तीन गाड्या निवडा आणि त्यातली झोपायला बरी कोणती, एवढंच बघा.

पायरी 2: टेप लावा

ब्रोशरवरची लांबी बाहेरची असते. वॅगनआर आणि ईको दोन्ही पावणेचार मीटरच्या आत, पण आतली जागा अगदी वेगळी. पुढची सीट पूर्ण पुढे सरकवा, मागची दुमडा आणि डिकीच्या दारापासून सीटच्या पाठीपर्यंत मोजा. तुमची उंची अधिक 10-12 सेंटीमीटर हवेत. मग या गोष्टी बघा:

- सपाटपणा: दुमडलेली सीट आणि डिकीचा तळ यांत पायरी राहते का? थोडी असेल तर प्लायवूड आणि गादीने भागतं. जास्त असेल तर सकाळी कंबर बोलते.
- बसायची उंची: अंथरुणावर ताठ बसता आलं पाहिजे. नाहीतर कपडे बदलणंही कसरत.
- सीएनजी: बऱ्याच छोट्या गाड्यांत टाकी डिकी खाते. टाकी असलेलीच गाडी मोजा.
- उष्णता: ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. लांब चालवल्यावर आत ऊब राहते. उन्हाळ्यात हे जाणवतं.
- आतून वाट: अंथरुणावरून बाहेर न उतरता स्टिअरिंगपर्यंत जाता येतं का? एकट्या माणसासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं. रात्री कोणी काच ठोठावली तर दार न उघडता निघता आलं पाहिजे. मध्ये पार्टिशन असलेली मालाची व्हॅन इथेच बाद होते.

पायरी 3: एक रात्र घराखाली

मित्राची किंवा भाड्याची तीच गाडी आणा आणि एक रात्र त्यात झोपा. मी हसण्यावारी नेलं होतं, पण एक गाडी याच परीक्षेत नापास झाली. टेपवर बसत होती, कुशीवर वळल्यावर गुडघा चाकाच्या उंचवट्याला लागत होता.

हे चुकवू नका

एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपेतच जीव जातो. काचा दोन बोटं खाली, त्यावर मच्छरजाळी. काळी फिल्म लावू नका. समोरच्या-मागच्या काचेतून 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आत यायलाच हवा. पडदे गाडी उभी केल्यावरच लावा. सीट कायमची काढून पलंग ठोकायचा विचार असेल तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 परस्पर बदल करू देत नाही. आणि हायवेच्या कडेला कधीही नाही. चोवीस तास चालणाऱ्या पंपावर मॅनेजरला विचारून, उजेडात, गाडीचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून थांबा.

मी शेवटी वापरलेली अर्टिगा घेतली. जुनी गाडी देऊन वर दीड लाख गेले. झोपेच्या बचतीतून ते निघायला सव्वासहा वर्षं लागतील, हे मला माहीत आहे. पण घरची सहा माणसंही त्यात बसतात, म्हणून हिशोब जमला. आता सुरतहून निघालो की डोळे जड झाल्यावर पुढचा पंप हेच माझं मुक्कामाचं ठिकाण. "अजून थोडंच राहिलंय" हे वाक्य मी बंद केलंय.

आजचा गृहपाठ: गेल्या बारा महिन्यांत किती रात्री बाहेर काढल्या, ते लिहा. त्यातल्या गाडीत किती निघाल्या असत्या, ते खरं खरं लिहा. तो आकडा हातात आल्याशिवाय शोरूमची पायरी चढू नका.

भेटू पुढच्या धड्यात. सावकाश चालवा, झोप आली की थांबा!