घरात कोंडलेला माणूस आणि खिडकीतला प्रकाश

पुणे शहराने सव्वाशे वर्षांच्या अंतराने दोन मोठ्या साथी पाहिल्या आणि दोन्ही वेळी माणसांचे वागणे अगदी उलट होते. १८९७ साली प्लेग पसरला तेव्हा ज्यांना शक्य होते ती कुटुंबे घराला कुलूप लावून गावाबाहेर शेतात झोपड्या घालून राहिली. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा मात्र कोणी घराबाहेर पडू नये असा हुकूम निघाला. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबरच होत्या. प्लेगचे जंतू उंदरावरच्या पिसवांतून येतात (हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत दाखवून दिले), आणि उंदीर असतात घरात. कोरोनाचा विषाणू येतो दुसऱ्या माणसाच्या श्वासातून, आणि दुसरी माणसे असतात बाहेर.

भारतात २५ मार्च २०२० पासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. प्रथम ती २१ दिवसांची होती. ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत, म्हणजे एकूण ६८ दिवस चालली. शाळा तर त्यानंतरही कितीतरी महिने बंद राहिल्या. हा मजकूर वाचणारे बहुतेक विद्यार्थी तेव्हा अगदी लहान असतील. पण ते दिवस त्यांना थोडेफार आठवत असतीलच.

म्हणजे त्या वर्षी घर हे जणू औषध म्हणून देण्यात आले. औषध म्हटले की मात्रा आली आणि दुष्परिणामही आले. शिवाय हे औषध सर्वांना एकाच प्रतीचे मिळाले नव्हते. कोणाला बाग असलेला बंगला मिळाला, कोणाला दहा बाय दहाची खोली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. तेव्हा घरात राहून माणसाच्या शरीराचे आणि मनाचे काय झाले, हा प्रश्न विचारताना कोणते घर, हे आधी विचारले पाहिजे.

चोवीस तास बारा मिनिटे

आरंभ प्रकाशापासून करू. मिशेल सिफ्र नावाचा तरुण फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ च्या जुलैत आल्प्स पर्वतातील एका खोल गुहेत घड्याळाशिवाय एकटाच राहायला गेला. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, तो बाहेर आला तेव्हा त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट उजाडला होता. दिवस मोजण्यात तो पंचवीस दिवसांनी चुकला होता. पण त्याचे झोपणे-उठणे मात्र बऱ्यापैकी नियमित चक्राने चालले होते. याचा अर्थ असा, की आपल्या शरीरात एक स्वतंत्र घड्याळ असते आणि ते बाहेरच्या सूर्यावाचूनही चालते. हे घड्याळ मेंदूतील अधोथॅलॅमस या भागात, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांना ओलांडतात त्याच्या अगदी वर असते.

ते चालते, पण अगदी बरोबर चालत नाही. १९९९ साली अमेरिकेत काळजीपूर्वक मोजमाप केले तेव्हा माणसाच्या या घड्याळाचा एक फेरा सरासरीने २४.२ तासांचा भरला. म्हणजे ते रोज सुमारे १२ मिनिटे मागे पडते. भिंतीवरचे घड्याळ मागे पडले तर आपण ते रेडिओच्या वेळेशी जुळवतो. शरीराचे घड्याळ सकाळच्या उजेडाशी जुळवले जाते. डोळ्याच्या दृष्टिपटलात पाहण्याच्या कामी येणाऱ्या पेशींखेरीज मेलॅनॉप्सिन नावाचे रंगद्रव्य असलेल्या थोड्या वेगळ्या पेशी असतात. त्या मेंदूला ‘उजाडले’ एवढाच निरोप देतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा उजेड मागे ढकलतो. अंधार पडला की तृतीय नेत्र पिंडातून मेलॅटोनिन हे हॉर्मोन स्रवू लागते आणि शरीर झोपेच्या तयारीला लागते. रात्री डोळ्यांसमोर झगझगीत पडदा असेल तर हे स्रवणे लांबते.

आता टाळेबंदीतल्या दिवसाचा विचार करा. सकाळी शाळेला किंवा कामाला जाताना अंगावर पडणारे ऊन बंद झाले आणि रात्री मोबाईलचा उजेड वाढला. दोन्ही बदल घड्याळाला एकाच दिशेने, मागे, ढकलणारे. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात १३९ विद्यार्थ्यांच्या झोपेच्या नोंदी टाळेबंदीपूर्वी आणि टाळेबंदीत ठेवल्या होत्या. कामाच्या दिवसांत त्यांची झोपण्याची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे गेली. पण गंमत अशी, की त्यांची झोप सुमारे अर्ध्या तासाने वाढलीही! पहाटेचा गजर बंद झाल्यामुळे उठणे त्याहूनही लांबले होते. ऑस्ट्रिया, जर्मनी व स्वित्झर्लंड येथील ४३५ लोकांच्या पाहणीतही झोपेचा वेळ वाढलेला आढळला. मात्र झोप पूर्वीइतकी चांगली लागत नाही, असे त्याच लोकांनी सांगितले.

टाळेबंदीने सगळे वाईटच केले असे जे सरसकट म्हटले जाते ते या आकड्यांशी जुळत नाही. किशोरवयात शरीराचे घड्याळ मुळातच उशिरा धावते. सकाळी सातची शाळा हा त्या घड्याळावर रोजचा अन्याय असतो आणि तो अन्याय काही महिने थांबला होता. शिक्षकांनी या गोष्टीचा विचार जरूर करावा.

डोळ्यांची किंमत

डोळ्यांची हकीकत मात्र अशी दुहेरी नाही. चीनच्या शांडुंग प्रांतातील फेइचेंग येथे २०१५ पासून दरवर्षी दहा प्राथमिक शाळांतील मुलांचे डोळे तपासले जात होते. २०२० च्या जानेवारी ते मे या काळात ही मुले घरातच होती. त्यानंतर जूनमध्ये नेहमीप्रमाणे तपासणी झाली. सहा वर्षांच्या मुलांत निकटदृष्टितेचे, म्हणजे जवळचे स्पष्ट व दूरचे अंधूक दिसण्याचे, प्रमाण मागील पाच वर्षांत कधीही ५.७ टक्क्यांवर गेले नव्हते. त्या वर्षी ते २१.५ टक्के निघाले. सात वर्षांच्या मुलांत ते २६.२ टक्के (पूर्वी जास्तीत जास्त १६.२) आणि आठ वर्षांच्या मुलांत ३७.२ टक्के (पूर्वी जास्तीत जास्त २७.७) होते. नऊ वर्षांपुढील मुलांत मात्र असा ठळक फरक दिसला नाही. यावरून लहान वयातला डोळा परिस्थितीला अधिक लवकर वश होतो असे दिसते. (या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातले नव्हते. त्यामुळे डोळ्याच्या स्नायूंचा तात्पुरता ताणही थोडाफार मोजला गेला असेल, हे ध्यानात ठेवावे.)

असे का व्हावे? निकटदृष्टितेत बहुधा नेत्रगोल मागेपुढे प्रमाणाबाहेर लांबतो आणि दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते. पूर्वी सारा दोष पुस्तक जवळ धरून वाचण्यावर टाकीत. गेल्या वीस वर्षांत असे दिसून आले आहे, की बाहेर उजेडात न जाणे हेही तितकेच मोठे कारण असावे. भर उजेडात दृष्टिपटलातून डोपामीन हे द्रव्य अधिक स्रवते आणि ते नेत्रगोलाच्या वाढीला लगाम घालते, असे कोंबडीच्या पिलांवरील प्रयोगांवरून वाटते. चीनमधील ग्वांगजौ येथे काही शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक बाहेर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यापैकी ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली होती. ज्या शाळांत असे केले नव्हते तेथे ३९.५ टक्के मुलांना.

घरातला उजेड आपल्याला पुरेसा वाटतो, कारण आपली बाहुली आणि मेंदू मिळून फरक झाकून टाकतात. मापकाला असे फसवता येत नाही. दिवा लावलेल्या खोलीत १०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. ढगाळ दिवशी उघड्यावर सुमारे १०,००० आणि भर उन्हात १,००,००० लक्सपर्यंत. पावसाळी दिवस म्हणून आपण ज्याला अंधारलेला म्हणतो तोही घरातल्या दिव्याहून वीसपट उजळ असू शकतो.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

घरात उजेड यावा म्हणून नियम करण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे आणि तीही साथीतूनच आली. प्लेगनंतर १८९८ साली मुंबईत सुधार ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तीत उजेड-वारा खेळावा म्हणून त्याने एक नियम पाळला: समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून आपल्या इमारतीच्या पायथ्यापर्यंत रेषा काढली तर तिने जमिनीशी ६३½ अंशांहून मोठा कोन करू नये. या कोनाचे टॅन जवळजवळ २ येते. म्हणजे इमारतीची उंची समोरच्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून जास्त नको. आपल्या गल्लीत हा नियम पाळला आहे काय, हे दहावीच्या विद्यार्थ्याला सहज काढता येईल.

खोलीचे क्षेत्रफळ मात्र कोनाने वाढत नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या मुंबईच्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची, आणि मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना अशा खोल्या. गिरगावातल्या चाळीला निदान उघडी गॅलरी असते. टाळेबंदीत ती गॅलरी कित्येकांचे अंगण झाली असेल.

कोंदट हवेचे गणितही करून पाहू. खोली १० × १० फूट, उंची ९ फूट. म्हणजे ९०० घनफूट, सुमारे २५,५०० लिटर हवा. एक माणूस स्वस्थ बसला असता तासाला सुमारे १८ लिटर कार्बन डाय-ऑक्साइड सोडतो. पाच माणसांचे झाले ९० लिटर. दारे-खिडक्या बंद असतील तर एका तासात या वायूचे प्रमाण दर दहा लाख भागांत ३,५०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत ते सुमारे ४२० असते. अशा हवेत डोके जड होते, आळस येतो. आणि जो वायू पाचही जणांच्या छातीतून फिरून आला तो एकट्याने येत नाही. सोबत विषाणूही आणू शकतो. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन विभागांत रक्त तपासून पाहिले तेव्हा झोपडपट्टीतील सुमारे ५७ टक्के लोकांना, तर इतर वस्तीतील सुमारे १६ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला. सार्वजनिक नळ आणि संडास हेही त्याचे कारण होते. ‘घरी राहा, सुरक्षित राहा’ हे वाक्य एकच. पण दोन वस्त्यांत त्याचा अर्थ किती निराळा झाला, ते या दोन आकड्यांत दिसते.

मनावरचा परिणाम मोजणे अधिक कठीण. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले, की साथीच्या पहिल्या वर्षात चिंता व नैराश्य यांचे जगातील प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. इटलीतील मिलान शहरातील एका विद्यापीठाच्या ८,१७७ विद्यार्थ्यांच्या पाहणीत, ज्यांचे घर ६० चौरस मीटरहून लहान आणि खिडकीतून दिसणारे दृश्य उदास, त्यांच्यात नैराश्याची लक्षणे अधिक आढळली. टोकियोत ३,००० लोकांना विचारले तेव्हा, ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत ते अधिक समाधानी निघाले.

येथे जरा थांबून शंका घेतली पाहिजे. झाडे दिसणारी खिडकी सहसा महाग घराला असते. मग समाधान झाडांमुळे की पैशांमुळे? पाहणी करणारे उत्पन्नाचा हिशेब वेगळा काढण्याचा यत्न करतात. पण तो पुरता निघतोच असे नाही. म्हणून १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास मला अधिक पटतो. अमेरिकेतील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या रॉजर उलरिक याने जुळवल्या. वय व प्रकृती सारखी. फरक एवढाच, की एकाच्या खिडकीबाहेर झाडे आणि दुसऱ्याच्या खिडकीबाहेर विटांची भिंत. झाडे दिसणारे सरासरीने ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंत दिसणारे ८.७० दिवसांत. खोली कोणाला मिळावी हे त्याच्या पैशांवर नव्हे, रिकाम्या खाटेवर ठरले होते.

आणि घरातली एक गोष्ट कोणत्याही खिडकीने भरून येत नाही: सोबतची माणसे. राष्ट्रीय महिला आयोगाकडे टाळेबंदीत घरातील छळाच्या तक्रारी वाढल्या. मारणाऱ्याबरोबर कोंडली गेलेली बाई किंवा मूल यांना दार बंद राहणे हाच धोका होता.

करून पाहा

मोबाईलवर प्रकाश मोजण्याची सोय मिळते. तिने मिळणारे आकडे ढोबळ असतात. पण तुलनेला चालतील. सकाळी आठ वाजता चार जागी लक्स मोजा: घराचा सर्वांत अंधारा कोपरा, खिडकीपासून एक हात, वर्गातील आपले बाक आणि शाळेच्या मैदानावरची झाडाची सावली. सावलीचा आकडा बाकाच्या किती पट येतो ते लिहून ठेवा.

दुसरा प्रयोग दोन आठवड्यांचा. रोज झोपण्याची व उठण्याची वेळ टिपा आणि दोहोंचा मध्य काढा. रात्री ११ ला झोपून सकाळी ६ ला उठलात तर मध्य अडीच वाजता. रविवारी १२ ला झोपून ९ ला उठलात तर मध्य साडेचारला. दोन मध्यांतील अंतर दोन तास. म्हणजे दर सोमवारी तुमचे शरीर पश्चिमेकडच्या परदेशातून विमानाने नव्हे, पण तितकाच वेळ बदलून शाळेत येते. साऱ्या वर्गाचे अंतर काढून आलेख काढा, आणि सर्वांत मोठे अंतर असलेले विद्यार्थी सकाळच्या पहिल्या तासाला कोठे बसतात तेही पाहा.